डाव्या हातातल्या चपला

फरशीचा चटका बोटांच्या बेचक्यांत बसला, तेव्हा महालिंगप्पाला कळलं की आपण अनवाणी आहोत. धाराशिवातली नवी कॉलनी, पिस्ता रंगाचं घर, फाटकाला नंदीची लोखंडी नक्षी, आणि मुलाच्या गाडीतून उतरून उभा राहिलेला तो. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, राखाडी पँट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे. खाली पाय. नुसते पाय. ते त्याला दुसऱ्या कुणाचे असावेत तसे दिसले. पँटच्या राखाडी काठाखालून बाहेर आलेले, काळपट, रुंद, बोटं फाकलेली, जणू कुणीतरी हा स्वच्छ माणूस घोट्यापर्यंत नीट बनवला आणि पुढं आळस केला.

चपला तामलवाडीत होत्या. त्याला त्या इथूनही दिसत होत्या, घरासमोर रस्त्याच्या कडेला, शेजारी शेजारी, नव्या, तपकिरी. त्यानंच त्या काढल्या होत्या आणि मग तो गाडीत चढला होता. चढला, हाच शब्द त्याच्या मनात आला. तसल्या लहान गाडीत चढायचं नसतं, वाकून शिरायचं असतं. पण उभा जन्म ट्रकवर गेलेल्या माणसाला गाडी म्हटली की ती चढायचीच. आणि ट्रकच्या केबिनमध्ये चपला घालून कुणी चढत नाही. समोर काचेखाली तुळजाभवानी असते, तिच्या शेजारी सिद्धेश्वर, दोघांना मिळून एक हार. मागच्या फळीवर झोपायचं, तिथंच डबा उघडायचा. घराच्या उंबऱ्यावर ज्या चपला चालत नाहीत त्या तिथं कशा चालतील. म्हणून खाली उभं राहून चपला काढायच्या, वाकून डाव्या हातात घ्यायच्या, उजव्या हातानं दांडा धरायचा, पायरीवर पाय द्यायचा, आत. चपला फळीखाली. डावा हात हे काम इतकी वर्षं न विचारता करत आला होता.

आज डाव्या हातात पेढ्यांचं खोकं होतं.

एवढंच झालं होतं. ह्याच्यापेक्षा जास्त काही झालेलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि फरशी पुन्हा चटका देत होती.

मागच्या दारानं त्याची बायको चन्नम्मा उतरली. तिनं लुगड्याच्या निऱ्या झटकल्या, वर बघितलं, खाली बघितलं. "अय्यो," ती म्हणाली, अगदी हळू. "चपला कुठं हायत वो?" त्यानं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे घाबरले. गाडीला कुलूप लावून शिवानंद, त्यांचा मुलगा, पुढं आला, त्यानंही बघितलं. तो हसला नाही.

ह्या मुलासाठी आलो आपण, महालिंगप्पा मनात म्हणाला. हे लक्षात ठेवायला पाहिजे. शिवानंद धाराशिवातच एका खाजगी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचा. पांढरा ॲप्रन, हातात रबरी मोजे, प्रत्येक बाटलीनंतर मोजे बदलायचे. गाडीतही त्याची हात धुवायची बाटली असे, पाणी नसलेली. दोन थेंब घेऊन चोळले की हात गार होत आणि दवाखान्याचा वास येई. मुलगा गुणी. पण दोन ठिकाणी बोलणं मोडलं होतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम छान व्हायचा, फोटो निघायचे, आणि चार दिवसांनी मध्यस्थ सांगायचा, डायव्हरचं घर आहे म्हणतात. दुसऱ्या वेळी त्या घरच्या बाईनं आणखी एक वाक्य जोडलं होतं, तेही मध्यस्थानं प्रामाणिकपणे पोचवलं. वास येतो म्हणाल्या.

वास.

तिसऱ्या ठिकाणी म्हणून शिवानंदनं सांगितलं होतं, वडिलांचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. हे खोटं नव्हतं. ट्रक ट्रान्सपोर्टचाच असतो. आदल्या संध्याकाळी मुलानं बापाला समजावलं, फार नम्रपणे, जसं तो पेशंटच्या हातात रिकामी बाटली देताना सांगत असेल तसं. अप्पा, जास्त बोलू नका. पाणी दिलं की पेला ओठाला लावून प्या, वरून ओतू नका. सोफ्यावर मांडी घालू नका. टॉवेल नको. महालिंगप्पानं सगळं मान्य केलं. फक्त टॉवेल नसल्यामुळं सकाळपासून उजवा खांदा हलका झाला होता, आणि तो हलका खांदा सारखा वर उचलला जात होता, कुणीतरी हाक मारल्यासारखा.

सकाळी चन्नम्मानं त्याचे हात धुतले होते. आधी रॉकेलचा बोळा, मग साखर आणि कपड्याचा सोडा, मग लिंबाची फोड, नखांच्या कडेनं काडी. हाताच्या रेषांतलं काळं बरंचसं गेलं, आयुष्यरेषेतलं राहिलं. ते ऱ्हाऊ द्या, शुभ असतंय, असं चन्नम्मा म्हणाली होती. शिवानंदनं येऊन दोन्ही हात उलटेपालटे करून तपासले आणि पसंत केले. काखेत पावडर, मानेला अत्तर. गाडीचे कपडे परड्यात खुंटीला होते, तो खाकी शर्ट आणि ती लुंगी. त्यांची बादली वेगळी, त्यांची दोरी वेगळी, घरातल्या कपड्यांना ते कधी शिवले नाहीत. ट्रकवरून आला की तो मागच्या दारानं परड्यात जायचा, सगळं उतरवायचा, आंघोळ, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, मग उंबरा. घरात जो यायचा तो नेहमी ओला, भस्म लावलेला माणूस असायचा. पोरानं लहानपणी दुसरा माणूस फारसा बघितलाच नव्हता. तो परड्यात खुंटीला असायचा.

हात बघितले, मान बघितली, कानामागं बघितलं. पाय कुणीच बघितले नाहीत, कारण पायांत चपला असणार होत्या.

आणि तरी, हे त्याला फाटकापासून दारापर्यंतच्या सात-आठ ढांगांत आठवलं, तरी आपल्याइतका धुतलेला माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता. लिंगपूजा झाल्याशिवाय अन्न नाही, आणि आंघोळीशिवाय पूजा नाही, हे आईनं लावलेलं वळण. त्यामुळं कुठंही पाणी शोधायचं. ढाब्याचा हौद, पंपाचा नळ, कॅनॉलची पायरी. सिमेंटच्या कारखान्याबाहेर ट्रकांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, तिथं ताडपत्रीच्या आडोशाला एका बाटलीत आंघोळ. बाटलीतलं पाणी प्यायचं की अंगावर घ्यायचं, असा प्रश्न एकदा राजस्थानात पडला होता, तेव्हा त्यानं अंगावर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत थुंकी गिळली. बाकीचे ड्रायव्हर त्याला स्वामी म्हणायचे. स्वामींच्या गाडीला डिझेल कमी आन् पाणी जास्ती लागतंय, म्हणायचे. त्याची चड्डी आरशाच्या दांड्याला वाळत असायची आणि ट्रक पळायचा, ती झेंड्यासारखी उडायची, तिच्यावरून त्याला लांबून ओळखायचे. इतकं पाणी अंगावरून गेलं. मग त्या बाईला आला तो वास कुठल्या माणसाचा होता? तो आतून येत असावा. किंवा पाणी लागतच नसावं, बदकासारखं घरंगळून जात असावं, आणि आपण मात्र समजत आलो की

"या, या," दार उघडून राजशेखर म्हणाले.

मुलीचे वडील. मार्केट यार्डात आडत, जाड चष्मा, मऊ हात. त्यांनी नमस्कार केला, आणि नमस्कारात मान खाली जाते तशी त्यांची मान खाली गेली, आणि तिथंच राहिली. त्यांना पाय दिसले होते. क्षणभर सगळेच त्या पायांकडं बघत उभे राहिले. महालिंगप्पासुद्धा.

"पप्पांनी चपला सोडल्यात," शिवानंद म्हणाला. "नवरात्रासाठी."

पप्पा. घरी तो अप्पा म्हणायचा. महालिंगप्पाला आधी तेवढंच टोचलं. उरलेलं वाक्य कळायला थोडा वेळ लागला. येताना तुळजापूरच्या घाटात अनवाणी माणसांची रांगच रांग लागली होती, लाल फडकी, कवड्यांच्या माळा, बायका, म्हातारे, एका हातात पाण्याची बाटली. गाडी त्यांच्या कडेकडेनं आली होती. त्याचा उजवा पाय सारखा समोरची चटई दाबत होता आणि शिवानंद म्हणत होता, अप्पा, ब्रेक माझ्याकडं आहे. तेव्हा ती माणसं तो माणूस म्हणून बघतच नव्हता. पुढं आडवं येऊ शकणारं काहीतरी म्हणून बघत होता. आता तो त्यांच्यात जाऊन बसला होता. एका वाक्यानं.

चन्नम्मानं नवऱ्याकडं बघितलं नाही. तिनं पायातल्या चपला काढल्या आणि भिंतीकडं सरकवल्या, खूप हळू.

राजशेखरांचा चेहरा बदलला. आतापर्यंत त्यावर हिशेबी अगत्य होतं, त्याच्या जागी काहीतरी जुनं, पोरवयातलं आलं. त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली, अगं, अनवाणी आलेत, पाणी आण. मग पाहुण्यांकडं वळून सांगितलं की त्यांच्या आईच्या वेळेपासूनची रीत आहे, ह्या दिवसांत अनवाणी माणूस दारात आला तर पाय धुतल्याशिवाय आत घ्यायचं नाही. तो कोण, कुठला, विचारायचं नाही. महालिंगप्पा म्हणाला, असू द्या, कशाला. राजशेखर म्हणाले, तुमच्यासाठी न्हाय वो, आमच्यासाठी.

त्याला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. गिरिजाबाई आल्या, मुलीची आई. ठेंगणी बाई, हिरवं पातळ, हातात पितळी परात आणि तांब्या. त्या पाटावर बसल्या, परात पुढं सरकवली आणि त्याचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून परातीत ठेवला, जसं एखादं भांडं ठेवावं तसं, सहज.

पाणी कोमट होतं. त्यांनी तांब्या तिरका केला, धार घोट्यावर पडली, आणि महालिंगप्पाच्या अंगावर काटा आला. ह्या पायाला कुणी हात लावला होता शेवटचा? आईनं, काटा काढताना. चन्नम्मा नमस्कार करायची तेव्हा बोटांची टोकं लागायची. तळव्याला तर कुणीच नाही. तळवा फक्त गाडीला माहीत होता. टाचेखाली नाण्याएवढा गोल घट्टा, जिथं टाच टेकवून पाय फिरतो, एक्सलेटरवरून ब्रेकवर, ब्रेकवरून परत. तो भाग कधीचाच मेला होता, जळती विडी लावली तरी कळायची नाही. त्याच्या पुढं अंगठ्याखालचा भाग मात्र जिवंत, घासून पातळ झालेला. तिथून इंजिन कळायचं. इंजिनला धाप लागली की आधी तिथं कळायचं, मग कानाला. आणि टाचेच्या कडेनं भेगा. भेगांत काळं. ते काळं म्हणजे डिझेल, ग्रीस, केबिनच्या पत्र्याचा गंज, चाक बदलताना उभं राहिलेल्या कुठकुठल्या रस्त्यांचं डांबर, सगळं एकात एक होऊन आता त्वचाच झालं होतं.

गिरिजाबाईंचा अंगठा भेगेवरून गेला आणि परत त्याच भेगेवर आला. परातीत एक करडा धागा उतरला, वळला, पाण्यात पसरला.

"लई चालला दिसताय," त्या म्हणाल्या.

चालण्याचा प्रश्नच नव्हता. तो आयुष्यात फारसा चाललाच नव्हता. तो बसून होता आणि रस्ता खालून गेला होता. "आईची कृपा," चन्नम्मा म्हणाली, त्याच्या वतीनं. तिचं हे वाक्य शिवानंदच्या वाक्यावर जाऊन बसलं, आणि आता ते दोन थरांचं झालं.

आत सोफ्याशी शिवानंद उभा होता. राजशेखर त्याला विचारत होते, कुठल्या मार्गावर काम असतं, गाड्या किती. शिवानंद म्हणत होता की लोड असेल तसं, कमी-जास्त. मुलगा शांत आवाजात बोलत होता. त्याच्या आवाजात कुठंही डाग नव्हता. महालिंगप्पाला वाटलं, हे सगळं बरंच चाललंय. आपण नुसतं बसायचं. पाय धुतला जाईल, दुसरा धुतला जाईल, चहा, पोहे, मुलगी येईल, बोलणं होईल, आणि कधीतरी रांगेत अडकलेला ट्रक सुटावा तसं हे लग्न सुटेल. त्यासाठी करायचं काही नव्हतं. करायचं नसणं हेच करायचं होतं. त्यात तो तरबेज होता. टोलच्या रांगेत, भराईच्या रांगेत, वजनकाट्याच्या रांगेत तो तासन्‌तास काही न करता बसून राहिला होता. पण तेव्हा तो ट्रकमध्ये होता. इथं त्याचा पाय एका बाईच्या हातात होता आणि ती तो असा धरून होती, जणू त्यात तिच्या घराचं काही भलं आहे. तिला हा पाय कुणाचा वाटतोय? घाटातल्या एखाद्या माणसाचा. तो माणूस आत्ता कुठंतरी चालत असेल, त्याच्या वाटणीचं कोमट पाणी इथं ओतलं जातंय. आणि विचित्र म्हणजे, पायाला बरं वाटत होतं. पायाला खरंखोटं कळत नव्हतं. पाणी लागलं की तो सैल पडत होता.

मुलगी दुसरा तांब्या घेऊन दारात आली. शिवांजली. फोटोपेक्षा उंच, वेणी घट्ट, चेहऱ्यावर दाखवायच्या मुलींना असतो तो खाली बघण्याचा भाव नव्हता. ती परातीत बघत होती. पाणी आता काळं कापड धुतल्यासारखं झालं होतं. वर एक पातळ साय धरली होती, आणि उन्हाची तिरीप पडली तिथं तिच्यात निळा, जांभळा, हिरवा असे रंग फिरत होते. असे रंग पावसात पंपावरच्या डबक्यात असतात. देवळाच्या वाटेवर नसतात.

तिनं बघितलं, हे महालिंगप्पानं बघितलं.

गिरिजाबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी पायावर ओतलं. मग त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं परातीतल्या पाण्यात बुडवली, आणि डोळे मिटले. राजशेखर आतून म्हणाले, पादोदक पोरीलाबी लाव. ते ऐकून महालिंगप्पाच्या ध्यानात आलं की पुढं काय होणार आहे. आई लहानपणी गावात स्वामी आले की हेच करायची, त्यांच्या पायांचं पाणी डोळ्यांना लावायची, मग पोरांच्या डोळ्यांना. आणि डिझेल डोळ्यात गेलं की काय होतं, तेही त्याला माहीत होतं. पाईप सुटला होता एकदा. दोन दिवस डोळा मिटताही येत नव्हता आणि उघडताही.

ह्यावर विचार करायला वेळ नव्हता, आणि त्यानं तो केलाही नाही. बोटं पापणीच्या अगदी जवळ आली होती.

"वैनी, डोळ्याला लावू नका," तो म्हणाला. "डिझेल हाय त्यात. चुरचुरंल."

बोटं थांबली. गिरिजाबाईंनी डोळे उघडले, बोटांकडं बघितलं, मग ती नाकाशी नेली.

कुणी काही बोलायच्या आत तोच पुढं बोलला; एकदा उताराला लागल्यावर मधे थांबता येत नाही तसं. "म्या डायवर हाय. गाडी मालकाची हाय. चपला सोडल्या न्हायत, इसरल्यात. गाडीत चढताना काढायची सवय हाय, त्या तिथंच ऱ्हायल्या." मग थोडं थांबून, कारण ते त्याला महत्त्वाचं वाटलं, "आंघोळ करून आलोय."

राजशेखर दारात आले. त्यांनी आधी महालिंगप्पाकडं, मग शिवानंदकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, घातला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं चन्नम्माला वाटलं असावं, कारण ती उठून उभी राहिली. "बसा, च्या घेऊनच जावा," राजशेखर म्हणाले. "बाकीचं आमी कळवतो."

कळवतो. हा शब्द तामलवाडीच्या घरानं दोनदा ऐकला होता. त्याच्यामागं दार असतं आणि ते लागलेलं असतं. शिवानंद भिंतीकडं बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे. महालिंगप्पानं पाय परातीतून काढून घेतला. पण ठेवणार कुठं? एक पाय ओला, अर्धा उजळ, अर्धा काळा; दुसरा कोरडा, आला तसाच. त्यानं तो ओला पाय हवेतच धरून ठेवला.

"पप्पा," शिवांजली म्हणाली, "एकच पाय झालाय अजून. त्योबी अर्धा."

राजशेखर म्हणाले, आता राहू दे. त्यावर तिनं वडिलांना विचारलं, अगदी साध्या आवाजात, की अनवाणी आलेल्याला कोण, कुठला, विचारायचं न्हाय म्हनं ना? ते अनवाणी तर आल्यातच की. गिरिजाबाई परात घेऊन उठल्या, नळाशी जाऊन त्यांनी ते पाणी ओतून दिलं, बोटं साबणानं दोनदा धुतली, आणि परात पुन्हा भरून आणून होती तिथं ठेवली. पाटावर मात्र त्या बसल्या नाहीत. बाजूला उभ्या राहिल्या.

मुलगी आत गेली आणि खोबरेल तेलाची बाटली, कपड्याचा साबण आणि टाच घासायची वज्री घेऊन आली. ती वाकेल, बसेल, असं सगळ्यांना वाटलं. महालिंगप्पा घाईनं म्हणणार होता की पोरी, नको. पण ती त्याच्याकडं आलीच नाही. ती सरळ आत शिवानंदपुढं जाऊन उभी राहिली आणि त्या तिन्ही वस्तू तिनं त्याच्यापुढं धरल्या.

"तेल आधी," ती म्हणाली. "तुमचं तुमी धुवा. मग मला काय बोलायचं ते म्या बोलते."

महालिंगप्पा मुलाकडं बघत नव्हता; त्याला वाटलं, बघितलं तर ते मागितल्यासारखं होईल. त्यानं समोरच्या भिंतीवरचा एक ओघळ बघितला, तो कुठून सुरू होतो ते शोधलं. आतून पावलं जवळ आल्याचा आवाज आला. मग पाट सरकला. घोट्यापाशी एक हात आला, गार, नको तिथं पकडणारा. बोटांना कुठं धरायचं माहीत नव्हतं, कारण त्यांनी आजवर माणसाचं जे काही हाताळलं होतं ते बाटलीतून आलेलं होतं. तेल घोट्यावरून ओघळलं. वज्री टाचेवर लागली, आधी चुकून, मग मुद्दाम, नाण्याएवढ्या त्या गोलावर, जिथं कधीचं काहीच कळत नव्हतं.

"अप्पा, दुखतंय का?" खालून आवाज आला.

त्याला काहीच कळत नव्हतं. तरी तो म्हणाला, "हळू."